ठिपका नसलेले दिवस

मार्चम सरांचं पत्र एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. लंडनच्या गाडीवानानं ते कॉलेजच्या दरवाज्यावर दिलं आणि आमच्या खोल्या झाडणाऱ्या डोर्कसबाईंनी माझ्या खोलीत आणून हवेचा दाब दाखवणाऱ्या पाऱ्याच्या नळीखाली ठेवलं. ते अक्षर मी साडेसहा वर्षांत पाहिलं नव्हतं, तरी पत्ता वाचण्याआधीच ओळखलं. त्यांच्या ओळी उजवीकडे जाताना किंचित खाली उतरतात. अर्धशिशीमुळे उजेड सोसत नसे, म्हणून कागद तिरपा धरून लिहायची त्यांची सवय होती.

पत्र लहानच होतं. हॉलंडहून परत येऊन वर्ष झालं, सध्या केंटमध्ये एका मित्राच्या घरी राहतो, डोकं पूर्वीपेक्षा कमी दुखतं, असं सुरुवातीला होतं. मग लिहिलं होतं: ‘आपली हवेची वही तुझ्याकडेच असेल असं धरून चालतो. ऑक्सफर्डची हवा सलग तीन वर्षं दुसऱ्या कोणी मोजल्याचं मला माहीत नाही. तक्ता करून छापावा म्हणतो. वही जशी आहे तशी पाठव. कुठे खाडाखोड असली तरी असू दे.’

वही माझ्याकडेच होती. कपाटातल्या खालच्या फळीवर, जुन्या गाऊनखाली. मी ती काढली आणि हवी असलेली पानं न शोधता उघडली गेली, कारण शिवण तिथेच सैल झाली होती. समासात तांबड्या खडूच्या बारीक रेघा होत्या. मी त्या मोजल्या. मोजायची गरज नव्हती. चोपन्न आहेत हे मला पाठ होतं.

आता कॉफीच्या दुकानांत सरांच्या पुस्तकावर उघड वाद होतात. पुस्तकावर नाव नाही, पण ते कोणाचं आहे हे ज्याला कळायचं त्याला कळलं आहे. राज्य देवानं एका घराण्याला आंदण दिलेलं नाही, ते लोकांच्या संमतीवर उभं असतं, आणि राजानंच विश्वास मोडला तर लोकांनी त्याला दूर करावं, असं त्यात आहे. नवे राजा-राणी हॉलंडहून आले त्यामुळे हे आता म्हणता येतं. मी विद्यार्थी होतो तेव्हा हे टेबलाच्या खणात लिहून ठेवणंही जिवावर बेतत होतं. राजद्रोहाला दोन साक्षीदार लागत. एका उमरावाविरुद्ध दुसरा मिळेना, तेव्हा त्याच्या टेबलावरच्या हस्तलिखितालाच साक्षीदार मानलं आणि त्याचं डोकं उडवलं.

सर त्या काळात ऑल्डहेम कॉलेजात राहत, माझ्या खोलीच्या बरोबर खाली. ते वैद्यकी शिकलेले होते आणि लंडनला एका मोठ्या सरदाराकडे वैद्य आणि सल्लागार म्हणून त्यांचं जाणंयेणं असे. तो सरदार राजाच्या विरोधातला. त्यामुळे कॉलेजातल्या जेवणाच्या टेबलावर सरांना बोलतं करायचा एक खेळच चालत असे. कोणीतरी त्यांच्यासमोर त्या सरदाराला शिव्या घाली. दुसरा कोणी त्याची बाजू घेतल्याचं नाटक करी. मग सगळे सरांकडे बघत. सर मीठ मागत. तीन वर्षांत त्यांनी मिठाशिवाय काही मागितल्याचं किंवा म्हटल्याचं कोणी सांगू शकलं नाही. डोर्कसबाई म्हणत, थोरल्या साहेबांच्या तोंडाला कुलूप आहे आणि किल्ली त्यांनी गिळली आहे.

माझ्याशी मात्र ते बोलत, कारण आमच्यात हवा होती.

मी गणित आणि निसर्गविज्ञान घेऊन नुकतीच पदवी मिळवली होती. सरांनी लंडनहून पाऱ्याची नळी आणली होती, पण जिना चढउतार करत दिवसातून तीनदा ती वाचणं त्यांना दुखण्याच्या दिवसांत जमत नसे. माझ्या खिडकीला उत्तरेचा उजेड होता. नळी माझ्या खोलीत टांगली. सकाळी नऊ, दुपारी एक, रात्री नऊ. पारा किती इंच आणि किती दहांश, वारा कुठून, आभाळ कसं. शेवटच्या रकान्यात ज्यानं पाहिलं त्याच्या नावाचं पहिलं अक्षर. ते ‘मा’, मी ‘टि’. माझं नाव एम्ब्रोज टिलार्ड.

नियम एकच होता आणि तो त्यांनी पहिल्या पानावर लिहून ठेवला होता: जे पाहिलं नाही ते लिहायचं नाही. सकाळी झोप लागून नऊचे साडेनऊ झाले तर साडेनऊच लिहायचं. दोघंही नसलो तर ओळ रिकामी. मी पहिल्याच महिन्यात एक चुकलेला आकडा आदल्या-नंतरच्या आकड्यांवरून अंदाजानं भरला. त्यांनी तो बोट ठेवून विचारला. मी कबूल केलं. ते रागावले नाहीत, पण म्हणाले, “आकडा बरोबरही असेल. पण आता मला तुझे बाकीचे सत्त्याऐंशी आकडे पुन्हा तपासावेसे वाटतायत. बघ, किती महाग पडला.”

त्यानंतर मी त्यांच्यापेक्षाही काटेकोर झालो. ठिपक्याची कल्पना माझी. मला वाटलं, मी ‘टि’ लिहितो ते दोन कारणांनी: कधी सर दुखण्यानं खाली अंधाऱ्या खोलीत पडलेले असतात, कधी ते गावातच नसतात. पाऱ्याचा आणि अर्धशिशीचा काही संबंध असला तर तो पुढे शोधता यावा, म्हणून ते आजारी असतील त्या दिवशी मी ‘टि’च्या शेजारी ठिपका देऊ लागलो. सरांना मी हे सांगितलं नव्हतं. वर्षभराचे ठिपके जमले की तक्ता करून एकदम पुढ्यात ठेवायचा माझा बेत होता. मला शाबासकी हवी होती.

त्यांच्याबरोबर मी संध्याकाळी नदीकाठानं चालायला जात असे. एकदा त्यांनी मला सरळ विचारलं, तू या राज्याच्या कायद्यानं बांधलेला आहेस असं तुला कशामुळे वाटतं? मी म्हटलं, मला कोणी विचारलंच नाही. मी जन्मलो तेव्हा राजा होताच. ते म्हणाले, पण या रस्त्यानं तू चालतोयस, बाजारात पाव घेतोस, तुझ्या दाराला रात्री कोणी लाथ मारत नाही. हे सगळं घेतोस म्हणजे न बोलता हो म्हणतोस. मी त्यांना घाबरत नसे, निदान तेव्हा, म्हणून अडवलं.

“म्हणजे गप्प बसला तो हो म्हणाला, सर?”

“बऱ्याचदा.”

“आणि भीतीनं गप्प बसला तो?”

ते थांबले. पुलाच्या कठड्याला टेकले. मग म्हणाले, “हे मला अजून नीट सांगता येत नाही. तू हा प्रश्न कागदावर लिही, खाली तुझं अक्षर घाल आणि मला दे. प्रश्न कोणी पाहिला तेही नोंदलेलं असावं.”

मी लिहून दिला. त्यांनी घडी करून खिशात ठेवला.

पुढच्या उन्हाळ्यात राजाला घोडेगाडीतून जाताना मारण्याचा कट उघडकीला आला. लंडनमध्ये माणसं पकडली गेली. आमच्याकडे विद्यापीठाच्या चौकात राजसत्तेविरुद्धची पुस्तकं जाळली, आम्ही सगळे गाऊन घालून बघायला उभे होतो. सर गर्दीत माझ्या शेजारीच होते. जळत्या ढिगाकडे पाहून ते एवढंच म्हणाले की वारा नैर्ऋत्येचा आहे, राख चॅपलच्या खिडक्यांवर जाईल. सप्टेंबरमध्ये एके सकाळी ते निघून गेले. मला सांगून गेले नाहीत. नऊची नोंद मी केली, ‘टि’ लिहिलं आणि खाली डोर्कसबाईंना विचारायला गेलो, दुखतंय का त्यांचं? त्या खोली झाडत होत्या. म्हणाल्या, “ठिपका देऊ नका आज. गेले ते.” माझा ठिपका त्यांना माहीत होता. मी एकटा असताना मोठ्यानं बोलत नोंदी करतो हे तोवर मलाच माहीत नव्हतं.

सर हॉलंडला पोचल्याचं महिन्याभरानं कळलं. कॉलेजातली त्यांची जागा तशीच राहिली, खोलीही. वर्ष गेलं. आणि मग एका ऑक्टोबरच्या दुपारी आमचे वॉर्डन, म्हणजे कॉलेजचे प्रमुख, डॉक्टर लॅम्बोर्न जिना चढून माझ्या खोलीत आले.

ते कधी कोणाच्या खोलीत जात नसत. त्यांना गुडघ्याचा त्रास होता. ते बसले, धाप जाऊ दिली, आणि नळीकडे पाहून म्हणाले की त्यांनाही तरुणपणी या विषयाची ओढ होती. पारा वादळाआधी किती वेळ खाली येतो, हे त्यांनी विचारलं. नळी वर नेली तर काय होतं हे विचारलं. प्रश्न चांगले होते. मी अर्धा तास बोलत होतो. कॉलेजात त्या आधी कोणीच मला हे विचारलं नव्हतं, फक्त सरांनी. वॉर्डन मध्येच म्हणाले की निसर्गविज्ञानाची एक फेलोची, म्हणजे कॉलेजच्या कायम सदस्याची, जागा रिकामी होते आहे आणि कॉलेजला काटेकोर माणूस हवा आहे. मग त्यांनी वही बघायला मागितली.

मी दिली. त्यात वारा आणि पारा याशिवाय काही नाही, असं मी स्वतःला सांगितलं. हे मी त्या वेळी सांगितलं की नंतर, हे आता खात्रीनं आठवत नाही, म्हणून दोन्ही शक्यता लिहून ठेवतो.

ते पानं उलटत गेले. कट शिजत होता त्या नऊ महिन्यांशी येऊन थांबले. शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं.

“हे ‘टि’ म्हणजे तुम्ही. आणि ‘टि’ असेल त्या दिवशी मार्चम इथे नसत.”

इथे मी गप्प बसलो असतो तर पुरे होतं. त्या रकान्यात आजारपण आणि प्रवास दोन्ही मिसळलेले होते, त्यावरून कोणालाच काही सिद्ध करता आलं नसतं. पण त्यांचं विधान चुकीचं होतं, आणि चुकीचं विधान दुरुस्त न करता सोडणं मला जमत नसे.

“तसं नाही, सर,” मी म्हणालो. “शेजारी ठिपका असेल तर ते इथेच होते, आजारी. ठिपका नसेल तरच ते बाहेर.”

वॉर्डननी माझ्याकडे पाहिलं. “किती सुरेख पद्धत आहे,” ते म्हणाले. “तुमची?”

मी हो म्हणालो. अभिमानानं म्हणालो. जी शाबासकी सरांकडून घ्यायची राहिली होती ती मी त्यांच्याकडून घेतली.

त्यांनी खिशातून तांबड्या खडूचा तुकडा काढला आणि विचारलं, खूण केली तर चालेल ना, पुसता येते. मग ज्या दिवशी ‘टि’ला ठिपका नव्हता त्या प्रत्येक दिवसासमोर एक बारीक रेघ मारली. ते मारत असताना मी त्यांच्यामागे उभा होतो आणि एक तारीख त्यांच्या नजरेतून सुटली तेव्हा मी ती दाखवली. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

चोपन्न झाल्या. वॉर्डननी दुसऱ्या खिशातून एक कागद काढला. त्यावर दहा तारखा होत्या, कटातली माणसं लंडनला एका दारूवाल्याच्या घरी भेटली त्या. त्यांनी जुळवून पाहिलं. तीन जुळल्या. ते उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गुडघा सांभाळत जिना उतरले.

ते कशासाठी आले होते हे मला त्यांच्या पावलांचा आवाज बंद व्हायच्या आत कळलं होतं. दरबारातून हुकूम होता की मार्चमना काढा, आणि ज्याच्या तोंडून मिठाशिवाय शब्द निघाला नाही त्याला काढायला कारण मिळत नव्हतं.

तीन आठवड्यांनी माझी फेलो म्हणून निवड झाली. त्यानंतर चार दिवसांनी सभा होती.

त्या चार दिवसांत मी गणित केलं. फाशांच्या खेळात कोणतं दान किती वेळा पडेल हे काढायची रीत तेव्हा नवीन होती आणि मला येत होती. नऊ महिने म्हणजे दोनशे सत्तर दिवस. त्यांतले चोपन्न दिवस सर बाहेर, म्हणजे पाचातला एक. भेटी दहा. सरांचा कटाशी काडीचाही संबंध नसता तरी दहातल्या दोन तारखा नुसत्या योगायोगानं जुळायला हव्या होत्या. जुळल्या तीन. दोनऐवजी तीन याला काही अर्थ नाही. कोणत्याही जुगाऱ्याला हे पटलं असतं. मी ते एका पानावर स्वच्छ अक्षरात मांडलं, दोनदा तपासलं, आणि घडी करून गाऊनच्या बाहीत ठेवलं.

सर कटात होते की नव्हते हे मला माहीत नाही. तेव्हाही नव्हतं. मला फक्त एवढं माहीत होतं की वहीतून ते सिद्ध होत नाही. आणि हे त्या खोलीत माझ्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं.

आमच्या सभेची रीत जुनी आहे. वॉर्डन ठराव वाचतात आणि ज्याचा विरोध असेल त्यानं उभं राहावं असं म्हणतात. कारण सांगावं लागत नाही, तोंडही उघडावं लागत नाही. एक माणूस जरी उभा राहिला तरी ठराव पुढच्या सत्रापर्यंत थांबतो. हे ते तीनदा म्हणतात. प्रत्येक वेळी मधे थांबून टोपी काढतात आणि पुन्हा घालतात, म्हणजे लाजाळू माणसालाही उठायला वेळ मिळावा. विद्यार्थी असताना आम्ही या टोपीची नक्कल करून हसत असू.

आम्ही सतरा जण होतो. दुपारचं जेवण झालं होतं, मटण चांगलं होतं, खोलीत ऊब होती. वॉर्डननी मार्चम यांचं नाव कॉलेजच्या यादीतून कमी करण्याचा ठराव वाचला. कारण म्हणून ‘तारखांचा विश्वासार्ह पुरावा’ असे शब्द होते. मी बाकाच्या टोकाला, सगळ्यांत नवा. बाहीतला कागद मनगटाला टोचत होता.

पहिल्यांदा टोपी निघाली तेव्हा मी ठरवलं की आधी कोणी ज्येष्ठ उठतो का बघू. दुसऱ्यांदा निघाली तेव्हा मी पायांवर भार दिला. बाक करकरला आणि शेजारच्या म्हाताऱ्या ग्रंथपालांनी माझ्याकडे मान वळवली. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसतं कुतूहल होतं. मी बसण्याची जागा नीट केल्यासारखं केलं. तिसऱ्यांदा टोपी निघाली तेव्हा मी तिच्या काठावरची उसवलेली शिवण बघत होतो. ती मला आजही काढून दाखवता येईल, डाव्या बाजूला, बोटभर.

टोपी डोक्यावर गेली. कारकुनानं लिहिलं: सर्वांच्या संमतीनं.

त्या दिवशी दुपारी एकची नोंद चुकली. रात्री नऊची मी केली. पारा एकोणतीस इंच चार दहांश, वारा उत्तरेचा, आभाळ स्वच्छ.

पुढचं सगळं ऐकीव आहे. कॉलेजनं काढल्यावर सरांचं नाव हॉलंडला पाठवलेल्या यादीत गेलं. आमच्या राजाला हवी असलेली माणसं पकडून देण्यासाठी ती यादी होती. ते काही महिने एका डच वैद्याच्या घरात दुसऱ्या नावानं लपून होते, दिवसा बाहेर पडत नसत. इथे त्यांची पुस्तकं जिन्यावर काढून ठेवली गेली. डोर्कसबाईंनी ती आपल्या हातानं पेट्यांत भरली. त्याआधी वॉर्डननी त्यांनाही बोलावून विचारलं होतं की मार्चम शेकोटीत काय जाळायचे. त्या म्हणाल्या, लाकूड, साहेब, कोळसा कुठे परवडतो. कागद जाळायचे का, असं विचारलं तेव्हा म्हणाल्या, राख झाल्यावर मला दोन्ही सारखीच दिसते, झाडायला मात्र दोन्ही मलाच लागते. तासभर त्यांना उभं केलं होतं. बाहेर आल्या तेव्हा हे सगळं त्यांनी भटारखान्यात वॉर्डनच्या आवाजात करून दाखवलं, आणि मी सोडून सगळे हसले.

गेल्या हिवाळ्यात सरांचं पुस्तक आमच्या ग्रंथालयात आलं. मी ते तीन दिवसांत वाचलं. खरं सांगायचं तर वाचलं नाही, शोधलं. रस्त्यानं चालणारा माणूस न बोलता संमती देतो, तो भाग होता. आमचा नदीकाठच होता तो. मग माझ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. छातीला तलवार लावून घेतलेली संमती ही संमती नव्हेच, तिनं कोणी बांधला जात नाही, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं होतं.

मला एकदम हलकं वाटलं. त्यांनीच मला मोकळं केलं होतं, त्यांच्याच पुस्तकात. मी ती ओळ उतरवून घेतली. मग सवयीप्रमाणे पडताळायला बसलो. त्या दुपारी माझ्या छातीला काय लावलं होतं? तलवार नव्हती. धमकी नव्हती. फेलोची जागा चार दिवसांपूर्वी माझी झाली होती आणि आमच्या नियमांप्रमाणे नुसतं उभं राहिल्याबद्दल ती कोणी काढून घेऊ शकत नव्हतं. एक करकरणारा बाक होता आणि एका म्हाताऱ्या माणसाचं कुतूहल. उतरवलेली ओळ मी शेकोटीत टाकली.

तर आता पत्र आलं होतं आणि वही टेबलावर उघडी होती.

तांबडा खडू पावाच्या मऊ भागानं पुसला जातो. आम्ही आकृत्या काढतो तेव्हा तसंच करतो. मी सकाळच्या पावातला गर काढला, मळून गोळी केली आणि पहिल्या रेघेवर हलक्या हातानं फिरवली. रेघ गेली. कागद किंचित गुलाबी राहिला, पुन्हा फिरवल्यावर तोही गेला. मी पुढे सरकलो. एकोणीस झाल्या तेव्हा डोर्कसबाई राख काढायला आल्या.

त्या शेकोटीपाशी वाकल्या, राख भरली, उठताना टेबलाकडे पाहिलं.

“खायचा पाव वहीला का भरवताय, धाकटे साहेब?”

मी म्हटलं, डाग पडलेत, वही पाठवायची आहे.

“थोरल्या साहेबांची ना ती?” त्यांनी बादली खाली ठेवली. “तो डाग नाही. तो वॉर्डनसाहेबांचा खडू. त्या दिवशी या टेबलाखाली तांबडा चुरा होता, तो मीच झाडला. तुमच्याकडे तांबडा खडू कधी नव्हता.”

साडेपाच वर्षं त्यांना माहीत होतं. साडेपाच वर्षं त्या रोज माझी शेकोटी पेटवत होत्या, अंथरूण घालत होत्या, सर्दी झाली की गरम बिअर आणून देत होत्या.

“तुम्ही कधी काही बोलला नाहीत,” मी म्हणालो.

“मला कोण विचारतंय.” त्यांनी बादली उचलली. आवाज चढलेला नव्हता, दूध संपलंय सांगावं तसं त्या म्हणाल्या, “तुम्हाला विचारलं होतं. तीनदा.”

त्या गेल्यावर मी पावाची गोळी पाहिली. ती तांबूस झाली होती. मी ती टाकली.

पस्तीस रेघा उरल्या होत्या. पुसलेल्या एकोणीस पुन्हा काढायला माझ्याकडे तसा खडू नव्हता, आणि काढल्या असत्या तरी त्या माझ्या रेघा झाल्या असत्या, वॉर्डनच्या नव्हे. मी शाई घेतली. सभेच्या दिवसाच्या ओळीत शेरा लिहायचा रकाना रिकामा होता. तिथे लिहिता आलं असतं, पण मग ते त्या दिवशी लिहिल्यासारखं दिसलं असतं. म्हणून शेवटच्या नोंदीनंतर कोऱ्या पानावर आजची तारीख घातली आणि लिहिलं:

‘समासातल्या तांबड्या खुणा डॉ. लॅम्बोर्न यांच्या. चोपन्न होत्या. एकोणीस मी आज पुसल्या. ठिपक्याचा अर्थ त्यांना मी सांगितला, त्यांनी विचारलेला नसताना. सुटलेली एक तारीख मी दाखवली. या खुणांवरून काही सिद्ध होत नाही हे मला सभेआधी माहीत होतं. गणित सोबत जोडलं आहे. सभेत मी हजर होतो. उभा राहिलो नाही. कोणी अडवलं नव्हतं.’

खाली ‘टि’ लिहिलं. जुन्या गाऊनच्या बाहीतून तो कागद काढला, घडीवर फाटत आला होता, तो पानाला टाचला. वाळायची वाट न पाहता वही गुंडाळून गाडीवानाकडे दिली, कारण वाट पाहिली असती तर मला स्वतःची खात्री नव्हती.

उत्तर यायला पाच आठवडे लागले. त्या काळात मी रोज जेवणाच्या टेबलावर बसत होतो. वॉर्डन तेच आहेत, टोपीही तीच. नव्या राजा-राणीशी निष्ठेची शपथ त्यांनी सगळ्यांच्या आधी घेतली. कोणी सरांच्या पुस्तकाचा विषय काढला की ते म्हणतात, मार्चम आमच्याच कॉलेजचे. मी मीठ मागतो.

पत्र मे महिन्याच्या अखेरीस आलं. पुन्हा डोर्कसबाईंनीच आणलं आणि यावेळी त्या गेल्या नाहीत, पडदा झटकत राहिल्या. मी ते त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांना वाचता येत नाही, आणि मला ते एकट्यानं वाचायचं नव्हतं.

‘वही मिळाली. तक्ता करायला घेतला आहे. दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीच्या अकरा तारखेला दुपारचा आकडा तीन आहे की आठ, ते कळत नाही. तुम्हालाही आता सांगता येणार नाही, म्हणून ती जागा रिकामी ठेवतो. ठिपके पाहिले. पारा आणि डोकेदुखी यांचा संबंध दिसत नाही. तुमचं गणित बरोबर आहे. शेवटचं पान हवेबद्दल नसल्यामुळे छापायच्या तक्त्यात घेतलेलं नाही. वहीतून फाडलेलंही नाही. नळी तुमच्याकडेच असू द्या. भेटीला येण्याची तसदी घेऊ नये.’

डोर्कसबाईंनी पडदा सोडला. मग विचारलं, “डोकं कसं आहे म्हणालेत?”

“या पत्रात नाही लिहिलं,” मी म्हणालो. “मागच्यात लिहिलं होतं, कमी दुखतं म्हणून.”

त्यांनी मान हलवली आणि जिना उतरून गेल्या. चॅपलच्या घड्याळात एक वाजला. मी नवी वही उघडली, नळीसमोर डोळे पाऱ्याच्या उंचीला आणले आणि आकडा लिहिला. शेवटच्या रकान्यात माझं अक्षर घातलं. आता तिथे दुसरं कोणाचं येत नाही, तरी रकाना मी आखतो.